कोंबडीची पिसं गळतायत? आधी कुठली गळतायत ते बघा

पाऊस संपला की दसरा-दिवाळीच्या सुमारास परसातल्या कोंबड्या उघड्या पडायला लागतात, खुराड्यात पिसांचा सडा, अंडी बंद, आणि लगेच घरात चर्चा सुरू की रोग आला, विकून टाका नाहीतर कापा. अहो थांबा जरा! वर्ष-दीड वर्षाच्या पुढची कोंबडी असेल तर बहुतेक वेळा ती जुनी पिसं टाकून नवी घेत असते, दिवस लहान व्हायला लागले की हे होतंच.

ओळखायचं कसं? ही गळती सहसा डोक्या-मानेपासून सुरू होते, मग छाती-पाठ, आणि शेवटी पंख न् शेपूट. कोंबडी हातात घ्या आणि उघड्या कातडीवर बारकाईने बघा, तिथे काड्यांसारखे निळसर-काळपट कोंब वर आलेले दिसले की समजायचं नवी पिसं येतायत. या कोंबांत रक्त असतं, दाबलं की दुखतं, म्हणून या दिवसांत पोरांना उगाच कोंबडी उचलू देऊ नका. सगळं अंग भरायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि तोवर अंडी कमी किंवा बंद. पिसं जवळजवळ सगळी प्रोटीनचीच बनतात, त्यामुळे नुसत्या तांदळाच्या कण्या आणि मक्याच्या भरड्यावर ती लवकर येणार नाहीत, सोबत शेंगदाणा पेंड, अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक हिरवी वनस्पती), वाळवी, सुका जवळा असं काहीतरी द्या. जवळा मिठाचा असेल तर धुऊनच द्या, जास्त मीठ कोंबडीला बाधतं. आणि पेंड बुरशी लागलेली अजिबात नको.

आता फक्त पाठीवरचीच पिसं गेलीत आणि बाकी अंग भरलेलं आहे, तर कोंबड्याकडे बघा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, तीन-चार कोंबड्यांत एक असला की त्याच त्या बिचाऱ्या कोंबडीच्या पाठीवर सारखा चढतो आणि नखांनी पाठ सोलून निघते. त्याला काही दिवस वेगळा ठेवा. खुडूक कोंबडीची छाती-पोट उघडं दिसलं तर ती अंड्यांना ऊब लागावी म्हणून स्वतःच पिसं उपटते, तिला काही करू नका. आणि मानेला जन्मापासूनच पिसं नसलेली कोंबडी ती जातच तशी, तिच्यावर औषधं घालत बसू नका.

शेपटीच्या बुडाशी आणि गुदद्वाराजवळ पिसं तुटलेली, कातडी लाल झालेली असेल तर मात्र दोन शक्यता धरा. एक म्हणजे बाकीच्या टोचतायत. जागा कमी, ऊन-उजेड फार किंवा खाद्यात प्रोटीन कमी असलं की हे सुरू होतं, आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्या जणी तिथेच चोच मारतात, म्हणून जखमी कोंबडी त्याच दिवशी बाजूला काढा, जखम कोमट मिठाच्या पाण्याने पुसून हळद लावा, आणि भरेपर्यंत परत सोडू नका. दुसरं म्हणजे उवा. पिसं बोटांनी मागे सारा, पिवळट उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे गुच्छ असतात.

लाल माइट हा बारीक किडा मात्र दिवसा अंगावर सहसा सापडतच नाही! तो खुराड्याच्या फटीत, कोंबड्या बसतात त्या दांड्याखाली लपून राहतो आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतो. अंधार पडल्यावर मोबाईलची बॅटरी घेऊन जा आणि दांड्याखालून पांढरं फडकं फिरवा, लाल डाग उठले की खात्री झाली. अशा वेळी नुसती कोंबडी साफ करून भागत नाही, खुराडं रिकामं करा, फटींत उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. अंघोळीला कोरडी माती आणि चुलीची गार राख ठेवा. शेतातलं कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर कधीच मारू नका, कोंबडी दगावू शकते आणि अंड्यांतूनही ते पोटात जातं. औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही विचारा. उवांसाठी आठ-दहा दिवसांनी पुन्हा उपचार लागतो, कारण तोवर लिखा फुटलेल्या असतात.

खरी काळजी कधी? महिना उलटला तरी कोंब दिसत नाहीत, छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागतंय, तुरा फिकट पडलाय, कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसतेय, किंवा कोवळ्या तलंगीची (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीची) पिसं ठिगळाठिगळाने जातायत, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तुरा निळसर, डोकं सुजलेलं, श्वासाला त्रास, हिरवी विष्ठा किंवा एकापाठोपाठ मरतूक असेल तर त्याच दिवशी 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका आणि उरलेल्या बाजारात विकू नका. फोन करताना कोंबडीचं वय, खाद्य, अंडी कधी बंद झाली आणि पिसं आधी कुठली गेली एवढं सांगा, आणि डॉक्टर येईपर्यंत तिला डालग्याखाली वेगळी ठेवून पाणी समोर द्या.