मुलाखतीचं बोलावणं येईना? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलचे प्रवेश नीटच्या गुणवत्ता यादीसारखे एका झटक्यात लागत नाहीत. एएमकॅसचा, म्हणजे बहुतेक मेडिकल स्कूलांसाठीचा सामायिक ऑनलाइन अर्ज जूनमध्ये गेला तरी मुलाखतीची बोलावणी ऑगस्टपासून पार फेब्रुवारी-मार्चपर्यंत टप्प्याटप्प्याने निघतात. त्यामुळे सप्टेंबरात एकही मेल नाही म्हणून हाय खाऊ नका.

गाडी अडते ती बहुतेकदा अपुऱ्या फाइलपाशी. एएमकॅसवर ‘व्हेरिफाइड’ (अर्ज तपासून झाला) दिसलं की मुलं निर्धास्त होतात. पण कॉलेज फाइल वाचायला घेतं ती सहसा ‘कम्प्लीट’ झाल्यावरच. सेकंडरीचे (प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या दुसऱ्या अर्जाचे) निबंध, तिची फी, एमकॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, शिफारसपत्रं, आणि जिथे मागतात तिथे कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू (प्रसंग देऊन कसं वागाल ते बघणाऱ्या ऑनलाइन चाचण्या), हे सगळं पोचायला हवं. शिफारसपत्र एएमकॅसकडे आलं, पण त्या कॉलेजच्या नावापुढे जोडायचंच राहिलं, हे फार वेळा होतं. कॅस्परचंही तसंच. यादीत मागाहून घातलेल्या कॉलेजला स्कोअर पाठवायला विसरतात. म्हणून आजच प्रत्येक पोर्टल उघडा आणि एका तक्त्यात तीन गोष्टी लिहा: सेकंडरी कधी दिली, फाइल पूर्ण कधी झाली, नवीन माहिती पाठवलेली चालते का.

हा तिसरा रकाना महत्त्वाचा. काही कॉलेजं अपडेट घेत नाहीत असं स्पष्ट लिहितात, तिथे पाठवू नका. जिथे चालतं तिथे एक पान पुरे, तेही काही नवं घडलं असेल तरच: सत्राचे गुण, छापून आलेला शोधनिबंध, नवी नोकरी. ‘मला अजून रस आहे’ एवढ्यावर पत्र होत नाही. ‘जागा दिलीत तर नक्की येईन’ हे वचन एकाच कॉलेजला द्यावं. आईवडिलांनी ऑफिसला फोन करू नये, काळजी कितीही खरी असली तरी.

मेल दिवसातून दोनदा बघा, स्पॅमसकट. पदवीनंतर बंद होणारा कॉलेजचा पत्ता अर्जात असेल तर तो आधी बदला. बोलावणं आलं की त्याच दिवशी वेळ ठरवा, कारण सोयीच्या तारखा भराभर जातात. ऑनलाइन मुलाखतीची वेळ कुठल्या टाइम झोनची हेही पाहा: न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे कॅलिफोर्नियात पहाटेचे 6.

15 ऑक्टोबरला पहिले प्रवेश जाहीर होऊ लागतात. त्या आठवड्यात मित्रांच्या बातम्या ऐकून धीर सुटतो. त्यानंतरही कितीतरी मुलाखती व्हायच्या असतात. तोवर दवाखान्यातलं काम चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा कुणासमोर तरी बसून उत्तरांचा सराव करा.