येशूची शिकवण वावरात आणि घरात जगताना या चुका टाळा

बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानातले ५ ते ७ हे तीन अध्याय म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन. सगळी मिळून १११ वचनं. मोठ्याने वाचली तरी वीस मिनिटांत संपतात. १९३६ पासून सेवाग्रामात राहिलेल्या गांधीजींना हे प्रवचन तरुणपणीच भिडलं होतं, तसं त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा ही शिकवण घ्यायला ख्रिस्ती घरातच जन्मावं लागतं असं काही नाही. पण आपल्या गावोगावच्या गृहप्रार्थनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वाचताना डोळ्यांत पाणी येतं, आणि दुसऱ्या दिवशी मजुरीचा हिशेब जुन्याच रीतीने होतो. शिकवण कळायला अवघड नाही. ती अडते धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, उधारीच्या वहीत, भावकीत. कुठे अडते आणि तिथे काय करावं, ते खाली लिहितो.

एकच वचन सुटं उचलणं

नव्या वर्षाला चिठ्ठी उचलून वचन काढायचं, भिंतीवर लावायचं आणि वर्षभर तेवढंच धरायचं, ही पद्धत बऱ्याच घरांत आहे. वचन खरंच असतं, पण त्याचं मागचं-पुढचं गळून गेलेलं असतं. याचा सगळ्यात वाईट फटका बसतो तो "उद्याची चिंता करू नका" या वचनाला (मत्तय ६:३४). कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, काढलेलं सोयाबीन पावसात भिजलं, बँकेची नोटीस आली. अशा घरी कोणी येतो आणि म्हणतो, "कायले चिंता करता भाऊ, प्रभू पाहून घेईन." त्या माणसाला यातून धीर येत नाही. तुझा विश्वासच कमी पडला, असा ठपका त्याला ऐकू येतो.

सहावा अध्याय सुरुवातीपासून वाचा. चिंतेच्या आधी, अकराव्या वचनात, येशू प्रार्थना शिकवतो ती आमच्या रोजच्या भाकरीची, सगळ्यांच्या मिळून. चोविसाव्या वचनात तो देव आणि धन या दोन धन्यांबद्दल बोलतो. चिंता करू नका हे सांगणं त्यानंतर येतं, आणि ते एकट्या पडलेल्या कर्जदाराला झापण्यासाठी नाही. भाकर वाटून खाणाऱ्या माणसांना ते सांगितलंय. म्हणून हे वचन ज्याला ऐकवायचं त्याच्या घरी आधी जाऊन बसा. कर्ज किती आणि कोणाचं, ते विचारा. पंचनामा झाला का पाहा. बँकेत त्याच्यासोबत जा. वचन नंतर सांगितलं तरी चालेल.

ज्या घरात कोणी जीव दिला, त्या घराबद्दल "काही तरी पाप असेल" अशी कुजबूज होते. ती ऐकू आली की तिथेच थांबवा. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हा येशूने लोकांना विचारलं की ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते? आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं (लूक १३:४-५). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी पाप कोणाचं असं विचारलं, तेव्हाही त्याने तो प्रश्नच नाकारला (योहान ९:३). आणि कोणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो. आपणच फोन लावून त्याच्या हातात द्यावा.

क्षमा म्हणजे गप्प बसणं, असं समजणं

दारू पिऊन नवरा मारतो, आणि बाईला सांगितलं जातं की सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर. हे सांगणारे मत्तयचा अठरावा अध्याय अर्धाच वाचून आलेले असतात. क्षमेचा तो आकडा येतो बाविसाव्या वचनात. त्याआधी, पंधरा ते सतरा या वचनांत, येशू वाट घालून देतो. अन्याय करणाऱ्याला एकट्याला गाठून त्याची चूक दाखव. ऐकलं नाही तर एक-दोन माणसं सोबत ने. तरी ऐकलं नाही तर सगळ्या मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे ठेव. त्याच्याही आधी, सहाव्या वचनात, लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा आहे. एवढं सगळं वगळून कोणाला "सहन कर बाई" म्हणणं ही येशूची शिकवण नव्हे. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा द्या, गरज पडली तर ११२ ला फोन करा. मोठ्यांनी त्या नवऱ्याकडे जाऊन त्याला तोंडावर सांगावं. क्षमा ती तिच्या वेळेने करील, तिच्यावर तारीख लादू नका.

याच अध्यायातला निर्दय चाकराचा दृष्टांतही नीट मोजून पाहावा. राजाने चाकराला माफ केलेलं कर्ज दहा हजार टॅलेंटचं. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार देनारी, आणि एक देनारी म्हणजे मजुराचा एक दिवस. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, कोणाच्याही आयुष्यात फिटणार नाही अशी. आणि ज्या सोबत्याला त्या चाकराने माफ केलं नाही, त्याच्याकडे त्याचं येणं होतं शंभर देनारी. हा आकडा बहुतेक जण क्षुल्लक म्हणून सोडून देतात. पण कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा, शंभर दिवसांची मजुरी म्हणजे काय. सगळा हंगाम आला त्यात. माझ्या मते या दृष्टांताची ताकद इथेच आहे. तुझं नुकसान काहीच नाही, असं येशू म्हणत नाही. नुकसान खरं आहे हे मान्य करूनच तो क्षमा करायला सांगतो. म्हणून क्षमा करताना आधी नुकसान स्पष्ट बोला, आकड्यात बोला. काहीच झालं नाही असं भासवून केलेली क्षमा पुढच्या लग्नात किंवा तेरवीत पुन्हा उकळून वर येते.

प्रार्थना वेळेवर, मजुरी उशिरा

द्राक्षमळ्याचा दृष्टांत (मत्तय २०) आपण स्वर्गाच्या हिशेबाचा म्हणून वाचतो आणि त्यातली एक साधी गोष्ट निसटते. मालकाने मजुरी त्याच दिवशी, संध्याकाळी दिली. ती मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञाच होती. मजुराचं वेतन सूर्य मावळण्याआधी द्यावं, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर अडकलेला आहे (अनुवाद २४:१५). आपल्याकडे वेचाई "चुकारा आल्यावर देतो" म्हणून थांबवली जाते, बाजाराचा दिवस येतो आणि बाई रिकामी पिशवी घेऊन बाजारात उभी राहते. कापूस विकायचा आपल्याला, वाट पाहायची तिने. निदान वेचणी सुरू करायच्या आधी मजुरीपुरती रक्कम बाजूला काढून ठेवावी. जमतच नसेल तर मजूर लावण्याआधीच तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे जायचं की नाही ते ती ठरवील. सालदाराशी वर्षाचा ठराव करतानाही तेच. तुमचं होय ते होय असू द्या, असं येशू म्हणतो (मत्तय ५:३७), आणि पाडव्याला ठरलेला आकडा दिवाळीत बदलला तर ते वचन घरात वाचायला जड जाईल.

त्याच दृष्टांतात संध्याकाळी पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभी राहिलेली माणसं आहेत. का उभे आहात असं विचारल्यावर ती सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलं नाही, आणि मालक त्यांनाही मळ्यात पाठवतो. गावात ती कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हातारं जोडपं, एक हात निकामी झालेला, दारू सोडून आलेला.

अर्पण घेऊन निघालो, धुऱ्याचं तसंच

वेदीपाशी अर्पण ठेवताना आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. पहिली अशी की रुसलेला तो आहे, मी नाही. माझ्या मनात काही नसलं म्हणून मी सुटत नाही. दुसरी अंतराची. ऐकणारे लोक गालीलातले आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे शंभरावर किलोमीटर पायी. अर्पण ठेवून भावाकडे परत जायचं तर कित्येक दिवसांची वाट होती. आपला भाऊ बांधाला लागून आहे आणि आपण तहसीलच्या तारखेलाच भेटतो. रविवारच्या उपासनेत एकाच रांगेत बसून तोंड फिरवण्यापेक्षा शनिवारी सकाळी त्याच्या दारी जाऊन म्हणावं, "काकाजी, ट्रॅक्टर वळवताना धुरा माह्याकडून सरकला. तुमच्या मनात हाय ते मले मालूम हाय. चाला, मोजून घेऊ." मोजणीचा खर्च आपण उचलावा. केस सुरू असली तरी असं म्हणायला कोणता कायदा आडवा येतो?

अर्पणाबद्दल आणखी एक. घरच्या म्हाताऱ्यांची औषधं अडवून मंडळीच्या बांधकामाला देणगी देऊ नका. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं म्हणून हात वर करणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत सुनावलंय (मार्क ७:९-१३).

दृष्टांतातली सोयीची जागा घेणं

पेरणाऱ्याचा दृष्टांत ऐकून आपला शेतकरी विचारतो, वाटेवर बी टाकणारा हा कसला पेरणारा? प्रश्न अगदी बरोबर आहे. तिफणीने तासात पेरणाऱ्याला तो पडणारच. तिकडे बी हाताने फेकून पेरायचे, म्हणून काही वाटेवर, काही खडकाळ जागी पडे. दृष्टांत सांगताना हे आधी सांगा, आणि वऱ्हाडीत सांगा. जुन्या भाषांतराची भाषा म्हाताऱ्यांना जड जाते, त्यांना मोबाईलवर ऐकवलं तरी चालतं.

चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत (लूक १०) आपण नेहमी मदत करणारा होतो. ऐकणाऱ्या यहुद्याला मात्र ती रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या जागेवरून ऐकावी लागली, आणि उचलायला आला तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुदी व्यवहारही ठेवत नव्हते. गावात कोणाच्या घरचं पाणी आपण पीत नाही, ते आठवा आणि त्यांच्याकडे जाऊन मागून प्या. येशूने शोमरोनी बाईकडे मागितलं होतं (योहान ४). घोंगड्या वाटण्यापेक्षा हे कठीण आहे. आणि घोंगड्या वाटल्याच, तर नाताळला घेणाऱ्याचा फोटो काढू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६:३ त्यासाठी पुरेसं आहे.

वाचता वाचता "हे वचन त्या अमक्याला लागू पडतं" असं मनात आलं, तर वाचन थांबवून स्वतःपुरतं एक काम वहीत लिहा. एकच. आठवडाभरात होईल असं, आणि माणसाचं नाव घालून.

पश्चात्ताप झाला, परतफेड राहिली

जकातदार जक्कयाने येशूपुढे उभं राहून नुसतं रडून दाखवलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट, असा हिशेब त्याने तिथेच मांडला (लूक १९:८). काट्यात मारलेलं वजन, व्याजावर चढवलेलं व्याज, बहिणीची सही घेऊन आपल्या नावावर केलेलं वावर, याची साक्ष सभेत सांगण्याआधी रक्कम काढा. एकदम देता येत नसेल तर हप्ते ठरवा, पहिला हप्ता सोबत घेऊन जा. बहिणीचा हिस्सा असेल तर तलाठ्याकडे अर्ज आपण स्वतः लिहून न्या. तिला चकरा मारायला लावू नका.