सर्पेंटाइन बेल्ट घेताना आधी जुन्या बेल्टची पाठ वाचा

सर्पेंटाइन बेल्ट म्हणजे इंजिनच्या जोरावर ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), एसी वगैरे फिरवणारा लांब पट्टा. तो बदलायचा म्हटलं की बरेच जण फक्त गाडीचं मॉडेल सांगून मोकळे होतात. इथेच घोळ होतो. एकाच मॉडेलच्या एसीवाल्या आणि बिनएसीच्या गाडीचा बेल्ट वेगळ्या लांबीचा असू शकतो; ऑल्टरनेटर किंवा त्याची पुली बदलली असेल तरीही फरक पडतो.

जुना बेल्ट काढलात की त्याची पाठ फडक्याने पुसा. ६पीके१८९० असं काहीतरी छापलेलं दिसेल. ६ म्हणजे बेल्टच्या लांबीभर जाणाऱ्या उभ्या धारांची संख्या, पीके म्हणजे धारांचा प्रकार (दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिमी) आणि १८९० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. अक्षरं पुसली गेली असतील तर धारा मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेतून किंवा चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा. जुना बेल्ट टेपने मोजून लांबी ठरवू नका, मोजताना दहा-पंधरा मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात.

‘थोडा लांब चालेल, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ओढून घेईल’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. टेन्शनरवर खुणा असतील तर नवा बेल्ट चढवल्यावर काटा त्या दोन खुणांच्या आत हवा. बाहेर गेला तर बेल्ट घसरतो, चिरकतो, नाहीतर बेअरिंगवर ताण येतो. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, बेल्टच किंचित ताणून बसवायचा असतो. तिथे साधा बेल्ट चालत नाही.

आणि हो, काढण्याआधी बेल्टच्या वाटेचा फोटो घ्या.