हिवाळ्यात मॅरेथॉनची तयारी करताय? या चुका टाळा

हिवाळ्यातल्या सरावाचं गणित बहुतेक वेळा दारातच बिघडतं. बाहेर पाऊल टाकताच हुडहुडी भरते, म्हणून आणखी एक जाकीट चढवलं जातं. तहान नसते, म्हणून बाटली घरीच राहते. पण शरीर तेव्हा जे सांगत असतं ते वीस मिनिटांनंतर खरं राहत नाही, आणि ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीत तुम्हाला त्या वीस मिनिटांच्या बरंच पुढे जायचं असतं.

गरजेपेक्षा जास्त कपडे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तापमान प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा ५ ते १० अंश सेल्सिअस जास्त आहे असं धरून कपडे निवडा. सुरुवातीला थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर काढून ठेवा.

जास्त कपड्यांमुळे घाम येतो आणि खरा त्रास घामाचाच असतो. पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने वाहून जाते. सुती टी-शर्ट घाम शोषून पाठीला चिकटतो. धावत असेपर्यंत ते जाणवत नाही. लाँग रनच्या (लांब पल्ल्याच्या सरावाच्या) शेवटी पाय थकतात, वेग पडतो, शरीरात तयार होणारी ऊब कमी होते आणि त्याच ओल्या पाठीवर वारा लागतो. मग दहा मिनिटांत दात वाजायला लागतात, आणि घर अजून चार किलोमीटर लांब असतं. म्हणून अंगाला लागून घाम बाहेर टाकणारा पातळ सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा थर हवा, वर वारा अडवणारं, पुढे चेन असलेलं जाकीट. चेन वरखाली करून ऊब कमीजास्त करता येते.

रस्ता ठरवताना वारा कुठून येतोय तेही बघा. जाताना वारा तोंडावर घ्या, परतताना पाठीवर. घरी आल्यावर आधी ओले कपडे बदला, स्ट्रेचिंग नंतर.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर धावणं तिथेच थांबवा आणि आत जा. ती चोळू नका, कोमट पाण्यात धरा. कुणी बरळायला लागलं किंवा गोंधळल्यासारखं वागायला लागलं, तर लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

तहान लागली नाही म्हणून पाणी नाही

थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या आतल्या भागात जमतं, त्यामुळे तहान मंदावते आणि लघवी मात्र जास्त होते. शिवाय तोंडातून निघणारी प्रत्येक वाफ म्हणजे पाणीच. तेव्हा तहानेची वाट न बघता घड्याळ लावून पाणी प्या. एनर्जी जेल (धावताना ताकदीसाठी खायचं गोड जेल) थंडीत घट्ट होतं, ते आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. हायड्रेशन बॅगेची (नळीने पाणी प्यायच्या पाठपिशवीची) नळी गोठत असेल तर प्रत्येक घोटानंतर नळीतलं पाणी फुंकून परत आत ढकला.

बर्फावर ठरलेला पेस गाठण्याचा हट्ट

मऊ बर्फात प्रत्येक पाऊल थोडं मागे सरकतं. तेवढीच मेहनत करूनही घड्याळात पेस, म्हणजे धावण्याचा वेग, कमीच दिसतो, आणि तो भरून काढायला गेलं की पोटरी किंवा मांडीचा सांधा दुखावतो. अशा दिवशी किलोमीटर सोडा, वेळ आणि दम बघा. पावलं लहान ठेवा, पाय शरीराच्या खाली पडू द्या. मनगटावरच्या हार्ट रेटवरही फार विसंबू नका, कातडी गार पडली की तो आकडा चुकू शकतो. निसरड्या रस्त्यावर इंटरव्हल्स (आलटून पालटून जोरात आणि हळू धावणं) तर नकोतच, त्यासाठी ट्रेडमिल १ टक्का चढावर लावा.

वॉर्मअप घरातच करून निघा. छातीत घरघर होत असेल तर नाकातोंडावर पातळ कापड घ्या. कोरड्या गार हवेने श्वासनलिका आकुंचन पावतात. त्रास दर वेळी होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. वादळात चार दिवस बुडाले तर ते पुढच्या आठवड्यात कोंबू नका, सोडून द्या.

शर्यतही थंडीतच होईल असं गृहीत धरणं

अमेरिकेतली बोस्टन मॅरेथॉन एप्रिलमध्ये असते. २०१८ साली तिथे गोठवणारा पाऊस आणि समोरून वारा होता. ती शर्यत जिंकणाऱ्या जपानी धावपटू युकी कावाउचीने त्याच वर्षी १ जानेवारीला उणे १७ अंशांच्या आसपास एक मॅरेथॉन धावली होती. पण त्याच बोस्टनमध्ये २०१२ साली पारा ३० अंशांवर गेला होता. उन्हाळ्याची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. हिवाळाभर गारठ्यात धावलेल्यांनी शेवटच्या दोन आठवड्यांत काही हलके रन एक थर जास्त घालून किंवा आत ट्रेडमिलवर करावेत. इथे मात्र घाम हवाच असतो. आणि शर्यतीच्या सकाळी ऊन तापलेलं दिसलं, तर ठरवलेला पेस पहिल्या किलोमीटरपासूनच खाली आणा.