सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच ती ओळ येतेय? आधी घड्याळ बघा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याच्या ऑफिसात डोकावलं, की कोपऱ्यातल्या टेबलाखाली लिनक्सचा सर्व्हर दिसतो. बिलिंग, हजेरी, मालाचा साठा, सगळं त्याच्यावर. तो चालतोय तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस डिस्क भरते, कुणीतरी लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडतं आणि पानंच्या पानं एकच ओळ दिसते, नेटवर्कच्या कुठल्यातरी सेवेची, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामची.

अशा वेळी ती ओळ उचलायची, सर्चमध्ये टाकायची आणि पहिला दिसेल तो उपाय करून मोकळं व्हायचं, ही सगळ्यांची सवय. माझ्या मते ओळीतला मजकूर नंतर वाचावा. ती किती वेळाने आणि कोणत्या वेळी येते, हे आधी बघावं. अर्धं निदान तिथेच होतं.

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाका.)

१. ओळ वेगळी काढा

‘जर्नलसीटीएल’ या लॉग दाखवणाऱ्या आज्ञेला ‘सिन्स टुडे’ हा पर्याय लावा आणि पुढे ‘ग्रेप’ने त्या ओळीतला एखादा ठळक शब्द शोधा. जुन्या पद्धतीचा लॉग असेल तर उबुंटू-डेबियनवर व्हार-लॉग फोल्डरमधली ‘सिसलॉग’ ही फाइल बघायची, रेडहॅटच्या घराण्यात ‘मेसेजेस’. ओळी मोजताना एक काळजी घ्या. काही ठिकाणी आरसिसलॉग (लॉग लिहिणारा प्रोग्राम) एकसारख्या ओळी गुंडाळून ‘मेसेज रिपीटेड’ अशी एकच ओळ लिहितो, त्यामुळे नुसत्या ओळींची संख्या फसवते.

त्याआधी ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे ना ते तपासा. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली असेल, तर लाईट जाऊन आल्यावर घड्याळ भलत्याच तारखेला सुरू होतं आणि नंतर इंटरनेटवरून वेळ मिळाली की एकदम उडी मारतं. त्या उडीच्या आसपासच्या वेळांवर विसंबू नका.

२. अंतर बघा

ठरावीक मिनिटांनी, रात्री-दिवसा सारखीच येणारी ओळ म्हणजे सॉफ्टवेअरमधला टायमर. ऑफिस उघडल्यावर सुरू होऊन संध्याकाळी थांबणारी ओळ कुणाच्यातरी कॉम्प्युटरमुळे, प्रिंटरमुळे किंवा मोबाइलमुळे येते. कसलाच ताल नसेल, कधी तीन ओळी लागोपाठ आणि मग दोन तास शांतता, तर केबल, स्विच किंवा वीज. आणि सगळे घरी गेल्यावरही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, वेगवेगळ्या परक्या पत्त्यांवरून येणारी ओळ म्हणजे बाहेरचं जग दार ठोठावतंय.

३. कंसातला आकडा बघा

ओळ साधारण अशी असते:

मे १४ ११:४२:०७ हिशेब डीएचक्लायंट[८१२]: डीएचसीपीरिक्वेस्ट फॉर १९२.१६८.१.२० ऑन ईएनओ१ टू १९२.१६८.१.१ पोर्ट ६७

‘हिशेब’ हे सर्व्हरचं नाव, पुढे बोलणाऱ्या प्रोग्रामचं नाव आणि चौकटी कंसात त्याचा प्रोसेस क्रमांक. हा क्रमांक दिवसभर तोच राहिला तर सेवा जिवंत आहे आणि काहीतरी मागतेय. दर ओळीला तो बदलत असेल तर सेवा मरून पुन्हा उठतेय. मग या ओळीत वेळ घालवू नका, तिच्या अगदी वरच्या दोन-चार ओळी वाचा. मरण्याचं कारण तिथे असतं.

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ दिसलं तर त्या पोर्टवर (सेवेच्या क्रमांकाच्या दारावर) आधीच दुसरं कुणीतरी बसलंय. ‘एसएस’ ही आज्ञा सुडोसह, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, ‘टीयूएलपीएन’ या पर्यायांनी चालवली की कोण ते कळतं. ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ दिसलं तर बहुधा विजेची भानगड. लाईट आल्यावर सर्व्हर आणि राउटर एकदमच सुरू होतात, पण राउटर पत्ते वाटायला तयार होईपर्यंत सर्व्हरवरची सेवा उठून ‘माझा पत्ता कुठाय’ विचारू लागते. सेवा सुरू-बंद करणारा सिस्टिमडी मुळात १० सेकंदांत ५ वेळाच सुरू होऊ देतो, मग ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ लिहून हात वर करतो. दुपारी नेट नीट असूनही बिलिंग बंद का, याचं उत्तर पुष्कळदा यात असतं. अशा सेवेला ‘नेटवर्क-ऑनलाइन’ या टार्गेटनंतर, म्हणजे नेटवर्क तयार झाल्यावरच, सुरू व्हायला सांगा आणि सर्व्हरला कायमचा पत्ता द्या.

४. डीएचसीपीच्या ओळी: इथे जरा थांबून वाचा

डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटण्याची पद्धत. लहान ऑफिसात सर्वात जास्त पुनरावृत्ती याच ओळींची. राउटर पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देतो. निम्मी मुदत झाली की सर्व्हर थेट त्या राउटरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर आलं नाही तर मागत राहतो आणि मुदतीचे ८७.५ टक्के संपले की राउटरचा नाद सोडून सगळ्या नेटवर्कला हाक मारतो. वर दिलेल्या ओळीत ‘टू’नंतरचा पत्ता म्हणूनच महत्त्वाचा. तिथे १९२.१६८.१.१ असेल तर मागणी थेट राउटरकडे आहे, २५५.२५५.२५५.२५५ असेल तर ती सार्वजनिक हाक आहे.

आता चार शक्यता.

मागणीच्या पाठोपाठ ‘डीएचसीपीॲक’ (होकार) आणि ‘बाउंड टू’ येत असेल तर सगळं ठणठणीत आहे, फक्त मुदत फार लहान आहे. राउटरवर मुदत १० मिनिटांची असेल तर दर पाचेक मिनिटांनी ही ओळ येणारच. ती २४ तास करा.

थेट मागणीला उत्तर नाही, काही सेकंदांच्या कमीजास्त अंतराने तीच मागणी पुन्हापुन्हा, आणि शेवटी २५५ च्या हाकेला मात्र लगेच होकार, असं दिसलं तर मधल्या फायरवॉलचे नियम बघा. यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८ कुठेतरी अडलंय.

सार्वजनिक हाकेलाही उत्तर नसेल तर राउटरवरची डीएचसीपी सेवा बंद पडलीय किंवा मधली वायर गेलीय.

चौथी शक्यता सर्वात त्रासाची. ‘डीएचसीपीॲक’ किंवा ‘डीएचसीपीऑफर’च्या ओळीत ‘फ्रॉम’नंतर कधी एक पत्ता, कधी दुसरा. मधेच ‘डीएचसीपीनॅक’ म्हणजे साफ नकार. नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झालेत. वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी बाजारातून राउटर आणून जसाच्या तसा लावलेला असतो. त्या राउटरचा डीएचसीपी बंद करा, त्याला मोकळा असलेला वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. मालकांना न विचारता काढून टाकू नका. वरच्या मजल्यावर बहुधा त्यांचीच केबिन असते.

नव्या उबुंटूवर डीएचक्लायंटच्या जागी सिस्टिमडी-नेटवर्कडी किंवा नेटवर्कमॅनेजर बोलतो. शब्द बदलतात, मुदतीचं गणित तेच.

५. बाकीच्या नेहमीच्या ओळी

‘लिंक इज डाउन’, लगेच ‘लिंक इज अप’: आधी केबल बदला. ‘अप’च्या पुढचा वेग वाचा. कालपर्यंत १००० होता आणि आज १०० आलाय, तर केबलमधल्या एखाद्या जोडीचा संपर्क तुटलाय. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. मागाच्या शेडमधला स्विच उघडूनच बघा. कापसाच्या तंतूंची गादी बसलेली असते आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या गरमीत तो मान टाकतो. स्विच ऑफिसात हलवणं हाच खरा उपाय.

‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर’: परक्या पत्त्यांवरून येत असेल तर राउटरवर कुणीतरी पोर्ट २२ (दुरून लॉगिन करायचं दार) बाहेर उघडलंय. बऱ्याचदा सॉफ्टवेअरवाल्याने ‘सपोर्टसाठी’ म्हणून उघडलेलं असतं आणि कुणी बंद केलेलं नसतं. ते बंद करा. गरजच असेल तर पासवर्डऐवजी की (किल्लीची फाइल) वापरा आणि वारंवार चुकणारे पत्ते अडवणारा फेल२बॅन बसवा. मात्र हीच ओळ आतल्याच एखाद्या पत्त्यावरून येत असेल, तर तो कॉम्प्युटर आधी नेटवर्कवरून काढा, चौकशी मागाहून.

नावावरून पत्ता शोधणाऱ्या सिस्टिमडी-रिझॉल्व्हडची ‘एनएक्सडोमेन’ आणि ‘डीव्हीई-२०१८-०००१’ असलेली लांबलचक ओळ: निरुपद्रवी. मागितलेलं नाव सापडलं नाही, म्हणून तो साध्या पद्धतीने पुन्हा विचारतोय, एवढंच.

६. दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच बदल करा आणि बदलाची वेळ वहीत लिहून ठेवा. मग पायरी २ मध्ये सापडलेल्या अंतराच्या तिप्पट वेळ तरी थांबा. दर पाच मिनिटांनी येणारी ओळ दोन मिनिटं आली नाही म्हणून काही सिद्ध होत नाही.

ओळ निरुपद्रवी आहे याची खात्री पटली तरच ती गाळा. आरसिसलॉगच्या नियमांच्या फोल्डरमध्ये १० ने सुरू होणारी फाइल करून त्यात अट आणि ‘स्टॉप’ लिहायचं. उबुंटूची मूळ नियमांची फाइल ५० ने सुरू होते, आपली तिच्या आधी वाचली गेली पाहिजे. कोणती ओळ, का गाळली आणि कधी, हे त्याच फाइलमध्ये टिपेच्या ओळीत लिहा. जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या स्वतःच्या लॉगमध्ये) ती ओळ तरीही राहते, ते बरंच आहे. जर्नल मुळात डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी जागा घेतं. सर्व्हरची डिस्क लहान असेल तर जर्नलडीच्या सेटिंगमधलं ‘सिस्टिममॅक्सयूज’ ५०० एमबीवर आणा आणि जर्नलडी पुन्हा सुरू करा.