गाळ्याचा अलार्म रात्री उगाच का वाजतो?

एमआयडीसीतल्या गाळ्यात अलार्म बसतो आणि महिन्याभरात मालकच तो बंद करून ठेवतो, कारण रात्रीतून दोन-तीनदा उगाच वाजतो. पॅनल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, बहुधा धडधाकट असतं. चूक बसवण्यात असते.

आधी शटर बघा. दाराला लावायचा छोटा मॅग्नेटिक सेन्सर दीड-दोन सेंटिमीटरची फट पडली की सुटतो. लोखंडावर बसवला की आणखी आधी सुटतो, आणि शटर तर वाऱ्यानेही तेवढं हलतं. शटरसाठी जमिनीवर ठोकायचा जाड, धातूच्या कवचाचा सेन्सर मिळतो. त्याला पाच सेंटिमीटरच्या आसपास मोकळीक असते. तो गाइडजवळ (शटर ज्या पट्टीतून सरकतं तिच्याजवळ), कडेला बसवा. मधोमध बसवला तर शटर तिथेच सगळ्यात जास्त फुगतं, वर मालाची ट्रॉलीही त्याच्यावरून जाते.

आतला मोशन सेन्सर २.१ ते २.४ मीटर उंचीवर, कोपऱ्यात लावा. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला पटकन कळतो. तोंड शटरकडे, खिडकीकडे किंवा एसीकडे नको. रॅकवरचा उंदीर सेन्सरपासून अर्ध्या मीटरवर आला तर सेन्सरच्या लेखी तो माणूसच. वायर आत घेतलेलं भोक सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आणि पालीची पिल्लं आत घर करतात.

झोनचा, म्हणजे पॅनलला जोडलेल्या एका सेन्सर-लाइनचा, रेझिस्टर सेन्सरच्या डबीत हवा; त्यावरूनच पॅनल लाइन धड आहे का ते ओळखतं. बरेच वायरमन सोयीचं म्हणून तो पॅनलच्या टर्मिनलवरच पिळतात. मग मधली वायर कुणी शॉर्ट केली तरी पॅनलला सगळं आलबेल दिसतं.

१२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी २५० मिलिअँपिअर लोडवर कागदावर २८ तास चालते, २० धरा. भोसरी-चाकणकडे गुरुवारी सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी लाइटही बहुधा त्याच दिवशी जाते. म्हणून तीन वर्षं झाली की बॅटरी बदला.

अलार्म खरा की खोटा हे मोबाइलवर बघायला कॅमेरे हवेतच. पण २ मेगापिक्सेल, २.८ एमएम लेन्समध्ये चेहरा ओळखू येतो तो जेमतेम तीन मीटरपर्यंत. त्यामुळे एक कॅमेरा खास दारासाठी ठेवा, माणसाच्या डोक्यापेक्षा फार उंच नको. वरून नुसती टोपी दिसते. प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) डेटा धरला तर आठ कॅमेऱ्यांच्या ३० दिवसांना ५.२ टीबी लागतात, म्हणजे ६ टीबीची सर्व्हेलन्स डिस्क. केबल शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियम केबलवर लांबचा कॅमेरा दिवसभर चालतो आणि रात्री इन्फ्रारेड (अंधारात बघायचे कॅमेऱ्यातले दिवे) लागली की रिस्टार्ट होत राहतो.

पावसाळ्यात कॅमेऱ्यावर कोळी जाळं विणतो. इन्फ्रारेडमध्ये ते पांढरंफेक दिसतं, वाऱ्याने हललं की मोबाइलवर रात्रभर सूचना. दर पंधरवड्याला लांब काठीच्या झाडूने साफ करा, आणि ते झालं की एनव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या पेटीचं) घड्याळही मोबाइलशी ताडून बघा.