सोलापुरात नवं बिऱ्हाड करताय? चार्जर घेताना आधी वाटणी बघा

सोलापुरात खोली बघताना पाणी किती दिवसांआड येतं, हे सगळेच विचारतात. भिंतीवर सॉकेट किती आणि कुठे आहेत, हे मात्र सामान लागल्यावर कळतं. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडच्या नव्या इमारतींत खोलीला दोन-तीन सॉकेट मिळून जातात. जुन्या पेठांतल्या घरांत बऱ्याचदा एकच बोर्ड असतो, तोही खांद्याच्या उंचीवर. त्या एका बोर्डावर चार फोन, एक लॅपटॉप, टॅब, इअरबड आणि लाइट गेल्यावर लागणारा चार्जिंगचा पंखा. त्यात फोनच्या खोक्यात चार्जर असेलच असं नाही. ॲपलने २०२० साली आयफोन १२ पासून तो देणं बंद केलं, २०२१ साली सॅमसंगच्या एस२१ मध्येही तो नव्हता. मग माणूस नवी पेठेत जातो, खोक्यावरचा मोठा आकडा बघतो आणि तीन-चार पोर्टवाला चार्जर घेऊन येतो. बाहेरगावाहून येऊन इथे रुळलेले आम्ही सगळे नव्यांना पहिली गोष्ट सांगतो ती हीच: आकडा नंतर बघा, आधी पोर्टांमधली वॉटची वाटणी बघा.

खोक्यावरचे ६५ वॉट म्हणजे एकाच पोर्टला एकच वस्तू लावली तर मिळणारे वॉट. दोन टाइप-सी आणि एक जुना चौकोनी, म्हणजे टाइप-ए पोर्ट असलेल्या ६५ वॉटच्या चार्जरची वाटणी बहुधा अशी असते. पहिल्या सी पोर्टवर एकटा लॅपटॉप असेल तर ६५. दुसऱ्या सी पोर्टला फोन लावला की पहिल्याला ४५ आणि दुसऱ्याला २०. तिसऱ्या पोर्टलाही काही लावलं की पहिल्याचे ४५ तसेच राहतात, पण उरलेल्या दोघांत मिळून ५ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे १५ वॉट. दोन फोनांना साडेसात-साडेसात. ‘चार्जर फास्ट आहे पण फोन रांगतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते, आणि त्यात चार्जर बिघडलेला नसतो. दुकानात विचारलं तर ‘मालक, सगळे पोर्ट फास्ट हायत की’ असं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, प्रत्येक पोर्ट एकेकटा फास्ट असतोच. म्हणून प्रश्न बदला: ‘तिन्ही पोर्ट भरले की कोणाला किती?’ चांगल्या चार्जरच्या खोक्यावर किंवा आतल्या कागदावर सी१, सी१+सी२, सी१+सी२+ए असं लिहिलेलं असतं. ते कुठेच लिहिलेलं नसेल तर तो चार्जर परत ठेवा.

आता घराची गरज. लोक सगळ्या वस्तूंच्या वॉटची बेरीज करतात आणि १४० वॉटपर्यंत पोचतात. तेवढं लागत नाही. ५००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास एवढी ऊर्जा मावते. नुसत्या १० वॉटवर लावला तरी फोन अडीच तासांत भरतो. रात्री दहाला लावून सकाळी सहाला काढणार असाल तर कुठलाही चार्जर पुरतो. खरी ओढाताण सकाळी सात ते आठ या वेळेत होते: एकाला एमआयडीसीत शिफ्टला जायचं असतं, एकाला कॉलेजला, आणि दोघांचेही फोन वीस टक्क्यांवर. त्या तासात एकाच वेळी किती वस्तू लागतात तेवढ्याच कागदावर लिहा. बहुतेक घरांत त्या तीनच्या वर जात नाहीत.

लॅपटॉपचं वेगळं बघावं लागतं. त्याच्या मूळ चार्जरच्या लेबलवर ‘आउटपुट’ शोधा. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर असेल तर ६५ वॉट. गोल पिनचा १९ व्होल्टवाला असेल तर टाइप-सी चार्जरचा विचार सोडा. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट दिसतो म्हणून तो त्यातून चार्ज होईलच असंही नाही, काही पोर्ट फक्त डेटासाठी असतात. ज्याचा होतो, तो ६५ ऐवजी ४५ वॉटवरही बहुधा चार्ज होतो, फक्त जड काम चालू असताना टक्का हळू चढतो.

सगळ्यांत जास्त वैताग देणारी गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. पोर्टना वॉट वाटून देणारा चार्जर नवी वस्तू लागली किंवा निघाली की सगळ्या पोर्टचा पुरवठा क्षणभर तोडतो आणि नव्याने वाटणी करतो. फोन एकदा ‘टुंग’ करतो आणि पुन्हा चार्ज होऊ लागतो, त्याचं काही बिघडत नाही. पण त्याच चार्जरवर वायफायचा राउटर किंवा कॅमेरा चालवत असाल, तर कोणी इअरबड लावले की राउटर बंद होऊन पुन्हा चालू होणार आणि ऑनलाइन क्लास तुटणार. राउटरला त्याचा स्वतःचा ॲडॉप्टरच ठेवा.

सगळे पोर्ट टाइप-सी असलेला चार्जर दिसायला नीटनेटका असतो, पण घरासाठी आम्ही तो सुचवत नाही. किमान एक टाइप-ए पोर्ट हवाच. स्वस्त ट्रिमर, बॅटऱ्या, चार्जिंगचे पंखे यांना टाइप-सीचं तोंड असतं, पण आत ५.१ किलोओहमचे दोन बारके रेझिस्टर बसवायचे असतात ते वाचवलेले असतात. त्या रेझिस्टरवरूनच चार्जरला कळतं की समोर वस्तू लागली आहे. ते नसले की सी-टू-सी केबलने काहीच होत नाही, दिवासुद्धा लागत नाही. वस्तू बिघडली समजून लोक बदलून आणतात आणि नवीही तशीच वागते. तीच वस्तू ए-टू-सी केबलने लावा, लगेच चालू होते, कारण टाइप-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायमच असतात.

फोनचीही आपापली भाषा असते. आयफोन, पिक्सेल आणि बहुतेक लॅपटॉप पीडीवर, म्हणजे पॉवर डिलिव्हरी या टाइप-सीच्या सामाईक पद्धतीवर चालतात. सॅमसंगच्या २५ वॉटवाल्या फोनला पीडीबरोबर पीपीएस, म्हणजे व्होल्ट बारीक पायऱ्यांनी बदलणारा पीडीचाच प्रकार लागतो. चार्जरवर पीपीएस नसेल तर फोन साधारण १५ वॉटच्या आसपास थांबतो आणि ‘सुपर फास्ट’ ही अक्षरं येत नाहीत. सॅमसंगच्याच ४५ वॉटसाठी ५ अँपिअरची केबलही हवी. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांचा ६५-८० वॉटचा वेग त्यांच्याच चार्जर-केबलच्या जोडीवर मिळतो. बाहेरच्या पीडी चार्जरवर हे फोन चार्ज होतात, पण त्या वेगाने नाही. तेव्हा घरात असा फोन असेल तर त्याचा मूळ चार्जर जपून ठेवा आणि सामाईक चार्जरवर त्याचा हिशेब साध्या फोनसारखा धरा.

केबलवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंतची. त्यावर जायचं तर टोकात ई-मार्करची, म्हणजे केबल किती अँपिअर पेलते ते चार्जरला सांगणारी चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. १०० वॉटच्या चार्जरला ६० वॉटची केबल लावली तर ६०च मिळतात, चार्जर काही बोलत नाही. बोर्ड उंचावर आणि खाट लांब, म्हणून लोक दोन मीटरची बारीक केबल घेतात. तिचा जाता-येता मिळून रोध अर्धा ओहम असेल तर २ अँपिअरला एक पूर्ण व्होल्ट केबलमध्येच जिरतो, ५ पैकी ४ व्होल्ट फोनला पोचतात आणि फोन आपणहून ओढ कमी करतो. लांब हवी तर जाड घ्या. ९ किंवा २० व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूंना ही घट फारशी जाणवत नाही, पंखा-बॅटरीसारख्या ५ व्होल्टवाल्यांना जाणवते.

दुकानात चार्जर हातात घेतला की लेबल वाचा. इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असायला हवं. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर-’ व पुढे आठ आकडे हवेत. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणाच्या नावे आणि कुठल्या वस्तूसाठी नोंदणी आहे ते दिसतं. क्रमांक पॉवर बँकेचा आणि हातात चार्जर, असं निघालं तर खाली ठेवा. मग आउटपुटच्या ओळी. पीडीचा ६५ वॉट म्हणजे २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर. लेबलवर ५, ९ आणि १२ व्होल्टच्याच ओळी असतील आणि शेवटची १२ व्होल्ट १.५ अँपिअर असेल, तर तो १८ वॉटचा चार्जर आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

गॅन, म्हणजे गॅलियम नायट्राइडवाला चार्जर छोटा असतो. कमी वीज उष्णतेत जाते म्हणूनच तो छोटा करता येतो. पण छोटा म्हणजे थंड नव्हे. ६५ वॉट देताना ९० टक्के कार्यक्षमता धरली तरी सात वॉट उष्णता त्या मुठीएवढ्या डबीतून बाहेर पडते. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळीही हाताला गरम लागते. अशा वेळी चार्जर आतून तापला की स्वतःच वॉट उतरवतो. फोनही तेच करतो. ॲपल आयफोनसाठी आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश सांगते, आणि मे महिन्यात दुपारी आपली खोली त्याच्या वर असते. उन्हाळ्यात दुपारी चार्जिंग मंदावलं तर चार्जर बदलू नका, वेळ बदला: पहाटे लावा. गादीवर, उशीखाली किंवा चादरीच्या घडीत चार्जर वा फोन ठेवून झोपू नका. सोलापुरी चादर चांगली जाड विणीची, ती उष्णता धरून ठेवते.

पूर्व भागात, यंत्रमागांच्या जवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक. हवेत कापसाचं तूस असतं आणि ते टाइप-सीच्या तोंडात जाऊन बसतं. दर वेळी केबल खुपसली की ते आणखी आत दाबलं जातं, शेवटी त्याचा नमद्यासारखा थर होतो. केबल पूर्ण आत न जाता केसभर बाहेर राहते, धक्का लागला की चार्जिंग सुटतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिक थोडी तासून चपटी करा आणि मधल्या पट्टीला न टोचता कडेकडेने तूस बाहेर ओढा. सुई किंवा पिन वापरू नका. चार्जरचे पोर्टही असेच साफ करावेत, पण तो सॉकेटमधून काढून पाच मिनिटं थांबल्यावरच.

पाणी आलं की गल्लीतल्या मोटारी एकदम चालू होतात आणि दिवे मिणमिणतात. त्याने चार्जरचं काही बिघडत नाही, तो १०० व्होल्टपर्यंत तग धरतो. धोका उलट्या बाजूला आहे. लाइनचा न्यूट्रल तुटला तर घरात ३०० व्होल्टच्या वर दाब येऊ शकतो. दिवे अचानक लखलखले किंवा पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरू लागला, तर आधी मेन स्विच पाडा, मग महावितरणला कळवा. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की चार्जर नुसतं बटण बंद करून ठेवू नका, सॉकेटमधून काढा.

सॉकेटचं म्हणाल तर, जड चार्जर दोन पिनांवर लटकतो, त्यातून तीन केबली खाली ओढतात, आणि जुन्या सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल झालेल्या असतात. पिन आत हलते, ‘चर्र’ आवाज येतो, तोंडाशी काळा डाग पडतो. इथे चार्जर बदलून उपयोग नाही, वायरमन बोलावून सॉकेटच बदलून घ्या. बोर्ड उंचावर असेल तर भिंतीला चिकटणारा चार्जर घेऊच नका. दीड मीटर वायर असलेला, फळीवर ठेवायचा चार्जर मिळतो, तो घ्या. त्यात तीन पिनवाला मिळाला तर उत्तम. दोन पिनवाल्यावर धातूच्या लॅपटॉपला हात लावला की बारीक मुंग्या येतात, अर्थिंग जोडलेल्या तीन पिनवाल्यावर त्या थांबतात. मात्र घराला खरोखर अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.

यूएसबी पोर्ट असलेलं एक्स्टेंशन बोर्ड अनेकांना सोयीचं वाटतं. त्यातल्या पोर्टवर बहुधा ‘५ व्होल्ट २.४ अँपिअर’ लिहिलेलं असतं, आणि ते सगळ्या पोर्टचं मिळून असतं. इअरबड, घड्याळ यांना ते ठीक. इस्त्री मात्र त्या बोर्डावर लावू नका.

चौघांच्या घराला १०० वॉटचा एक चार्जर की ६५ आणि ३० असे दोन, असं विचाराल तर आम्ही दोन म्हणू. दोन खोल्यांत दोन ठेवता येतात, उष्णता विभागली जाते, एकाने पुरवठा तोडला तर दुसऱ्यावरच्या वस्तूंना फरक पडत नाही, आणि एक गेला तर सकाळ अडत नाही. एकच सॉकेट असलेल्या खोलीत दोघे-तिघे विद्यार्थी लॅपटॉपसह राहत असतील तरच १०० वॉट, तीन सी आणि एक ए असा घ्यावा. वीजबिलाची चिंता नको. ६५ वॉट तासभर पूर्ण चालले तरी नुकसानीसकट ०.०७ युनिट जळतं.

आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी सगळे पोर्ट भरा आणि अर्ध्या तासाने हाताची उलटी बाजू आधी चार्जरला, मग सॉकेटच्या पाटीला लावा. चार्जर गरम लागणं चालेल. पाटी गरम लागली तर सॉकेट सैल आहे. पहिल्या सी पोर्टवर रंगीत चिकटपट्टी लावा म्हणजे लॅपटॉप कुठे लावायचा ते घरात सगळ्यांना कळेल. वाटणीचा कागद आणि दुकानाच्या शिक्क्याचं बिल एकत्र पिन करून कपाटाच्या दाराला आतून अडकवा. बिलावरची शाई काही महिन्यांत उडते, त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.